बिनशब्दांचा चहा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ध्यानाचं हे मंडळ मीच सुरू केलं, यावर लोक माझ्या पाठीमागे हसतात, हे मला ठाऊक आहे. अहो, ज्याला खोकला झालाय त्यानेच औषध आणायचं ना?

मी कपडे दुरुस्त करते. झिपा बदलायच्या, पँट्स आखूड करायच्या, बारीक होण्याची आशा सोडलेल्यांचे ब्लाउज उसवून द्यायचे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर पाहिलं आणि रोज वीस मिनिटं गप्प बसायला सांगितलं. एकटीला ते जमेना. म्हणून दुकानाशेजारच्या दंतवैद्यबाईंना आणि रिटायर झालेल्या बसचालक काकांना सोबत घेतलं, आणि वाचनालयाच्या मागची खोली मागून घेतली. दर मंगळवारी संध्याकाळी, फुकट, कुणीही या. आता आम्ही बारा स्वयंसेवक आहोत. गुरुवारी हॉस्पिटलातल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा वर्ग असतो. शनिवारी तान्ह्या बाळांच्या आईबापांसाठी असतो. तिथे निम्मे लोक बसल्या बसल्या घोरतात आणि आम्ही त्यांना उठवत नाही.

सूचना दंतवैद्यबाई देतात. समोरचा माणूस काही बोलू शकणार नाही हे धरूनच बोलायची त्यांना सवय आहे. काका घंटा वाजवतात. पाळ्यांचा तक्ता मी लावते, आणि जो पाळी चुकवतो त्याचं माझ्या हातून काय होतं ते विचारू नका.

मौनाचा नियमही माझाच. पहिल्या वर्षी लोक ध्यान संपलं रे संपलं की चहाच्या टेबलापाशी असे तुटून पडायचे की कमावलेली शांती कपात बुडून जायची. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाचा साहेब. मी पाटी लावली: दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत बोलायचं नाही. चहासुद्धा न बोलता. लोक कुरकुरले, पण माझ्यापुढे कुणाचं चालतंय?

आता मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी एका मंगळवारी खोलीत माझी मोठी बहीण आली.

ताईशी तेव्हा मी सव्वादोन वर्षं बोलले नव्हते. आई आजारी होती तेव्हा आम्ही दोघी पाळीने तिच्याकडे राहायचो, एक दिवस ताई, एक दिवस मी. ताई नर्स आहे. स्वतःची ड्यूटी सांभाळून यायची. आई गेली आणि आठवड्याभरात तिची खोली रिकामी करताना ताईने आईचं शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं. ज्या यंत्रावर मी शिवण शिकले ते. माझं डोकं फिरलं. "तुला आईचीच अडगळ झाली होती," असं मी तिला चार माणसांत म्हणाले. ताई पिशवी उचलून निघून गेली. ते वाक्य खोटं आहे हे मला बोलतानाच कळत होतं, आणि तरी मी ते पूर्ण केलं. नंतर शंभर वेळा फोन हातात घेतला आणि शंभर वेळा खाली ठेवला.

तर ताई आली, मागच्या रांगेत बसली, चहा प्यायली आणि गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. महिन्याभरात तिने स्वयंसेवकांत नाव दिलं, आणि एके दिवशी पाहते तर तक्त्यावर 'कप धुणे' या रकान्यात, माझ्या नावापुढे, तिचं ठसठशीत अक्षर. एक आठवडा नव्हे, खालपर्यंत सगळे आठवडे.

पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. पण नियम माझाच होता आणि तोच माझ्या मदतीला धावला. बोलायचंच नव्हतं. ती धुवायची, मी पुसायचे. चाळीस कप, चाळीस चमचे. हळूहळू आमची लय बसली. माझ्याकडचं फडकं ओलं झालं की ती न विचारता दुसरं पुढे करायची. तिची बाही ओघळली की मी वर सारून द्यायचे. आठवड्यातली ती वीस मिनिटं मला सगळ्यात प्रिय होती, ध्यानापेक्षाही. हे मी मंडळाची प्रमुख म्हणून सांगायला नको, पण खरं आहे ते आहे.

आठ महिने असं सुखात चाललं होतं, आणि काकांनी घोळ घातला.

स्वयंसेवकांची बैठक दंतवैद्यबाईंच्या दवाखान्यात असते, पेशंट बसतात त्या बाकांवर. तिथे मौन नसतं. काका म्हणाले, "मला एक सांगायचंय. राखाडी कोटातल्या त्या बाई आठवतात? सहा आठवडे येत होत्या. परवा रस्त्यात भेटल्या. त्यांचे मिस्टर वारलेत. म्हणाल्या, तुमच्याकडे फार शांत वाटायचं, पण शांतता मला घरी पुष्कळ आहे. आपल्याला त्यांचं नावही माहीत नव्हतं हो. चहाच्या वेळी तरी बोलू द्या लोकांना."

काकांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच मी खवळले.

"उद्या ध्यानातही गाणी लावा," मी म्हणाले. "बोलायचंय त्यांनी बागेत जावं, बाजारात जावं. सहा वर्षं घाम गाळून मी ही शिस्त लावली आणि तुम्ही..."

"काकू, एक श्वास घ्या," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"श्वास घेतेच आहे, म्हणून तर जिवंत आहे."

आमच्याकडे शेवटी हात वर करून ठरतं. चहाच्या वेळी बोलायला परवानगी द्यावी असं कुणाला वाटतं? सगळ्यात आधी वर गेलेला हात ताईचा होता. मागोमाग बाकीचे. अकरा हात वर आणि एक माझा, मांडीवर.

नियम गेला याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण आता सिंकपाशी उभं राहून बोलावं लागणार होतं, आणि बोलायला सुरुवात करायची तर ती त्या एका वाक्यापासूनच करावी लागणार होती. ताईला तोच हिशेब एकदाचा मिटवायचा असेल, म्हणून हात वर गेला असेल. मनातलं सुनावेल आणि जाईल. एकदा मी तिला घालवली होतीच. दुसऱ्यांदा घालवायची माझी ताकद नव्हती.

पुढच्या मंगळवारी ध्यानात माझं लक्ष एका श्वासावरही लागलं नाही. काकांनी घंटा वाजवली, आणि खोलीत पाच मिनिटांत असा कलकलाट झाला की वाचनालयाच्या बाई डोकावून गेल्या. काकांच्या सांगण्यावरून राखाडी कोटातल्या बाईही आल्या होत्या आणि एका इलेक्ट्रिशियनला घरच्या दिव्यांबद्दल काहीतरी विचारत होत्या. मी कपांचा ट्रे उचलून आत सिंकपाशी गेले. ताई बाह्या वर करून उभीच होती.

तिने पहिला कप धुतला. मी पुसला. दुसरा धुतला, पुसला. तिसऱ्याला ती म्हणाली, "मी सुट्टीवर होते त्या आठवड्यात कप तू धुतलेस ना? कपांच्या कानांमागे साबण राहिला होता. सगळ्यांच्या."

"मग सांगायचंस."

"कशी सांगणार? पाटी कुणाची?"

मला हसू यायला लागलं होतं, पण तिचा चेहरा हसरा नव्हता.

"मी ध्यान करायला आलेच नव्हते," ती म्हणाली. "मला बसलं की झोप येते. मी तुझ्याशी बोलायला आले होते. पहिल्याच दिवशी तुझ्याजवळ येऊन तोंड उघडलं, तर तू भिंतीवरची पाटी दाखवलीस. म्हटलं, ठीक आहे, बोलायचं नाही तर कप तरी धुऊ."

आठ महिने. या बाईने आठ महिने दर मंगळवारी चाळीस कप धुतले होते, आणि मी पाटीमागे लपून खूश होते. मला इतकी लाज वाटली की फडकं हातातून पडलं. ते उचलायचं निमित्त करून मी खाली वाकले आणि तिथूनच बोलले. समोर बघून मला जमलंच नसतं.

"मी ते वाक्य बोलले ते खोटं होतं, ताई. तू माझ्यापेक्षा जास्त केलंस. मला माफ कर."

"वर ये. कमरेत उसण भरेल."

मी उभी राहिले. आता सुरुवात झालीच होती, तर तळाचंही काढून टाकलं. "यंत्राचं निमित्त झालं गं. शेवटी शेवटी आई तुझंच नाव घ्यायची. मी भरवतेय, मी पाठ चोळतेय, आणि तिचं आपलं एकच, मोठी कधी येणार. जळत होते मी तुझ्यावर."

ताईने नळ बंद केला.

"माझ्या दिवशी ती दिवसभर दाराकडे बघायची," ती म्हणाली. "धाकटी कधी येणार, धाकटी कधी येणार. मी घरी जाऊन रडायचे."

मग आम्ही दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता रडलो, आणि साबणाच्या हातांनी एकमेकींना घट्ट धरलं. बसचालक काका दुसरा ट्रे घेऊन दारात आले होते. "सावकाश होऊ द्या," ते म्हणाले, आणि ट्रे घेऊन परत गेले.

त्या दिवशी कप धुवायला आम्हाला दीड तास लागला.