पहिल्याला बदाम, दुसऱ्याला वेखंड

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांना सहाण म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. तळहातापेक्षा थोडा मोठा, वाटोळा, गुळगुळीत दगड, मधोमध किंचित खोलगट. माझ्यावर पाण्याचे चार थेंब टाकून सुंठ, हळकुंड, वेखंड, बदाम उगाळायचे आणि ते चाटण लेकरांच्या जिभेला लावायचं, एवढंच माझं काम. दगडाला मन नसतं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे! जे मी पाहिलं ते घरातल्या माणसांनीही पाहिलं होतं, आणि त्यांना म्हणे मन होतं.

एका पाथरवटाने मला छिन्नीने घडवलं, वाळूने घासून मऊ केलं आणि भोरच्या बाजारात पोत्यावर मांडलं. वेल्ह्याकडच्या वाडीतल्या जाईबाईने मला उचललं, बोट फिरवून पाहिलं आणि घरी नेलं. तिची सगळी पोरं माझ्यावरच्या चाटणावर वाढली. त्यांतली धाकटी छाया. ती नसरापूरच्या पलीकडच्या गावात संजयला दिली. संजय टेम्पो चालवतो, घरची भातशेती आहे आणि घरात सत्ता चालते ती त्याच्या आईची, मंगलबाईची.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि पुढची सासरी, अशी रीत आहे. त्या रीतीने सातव्या महिन्यात छाया माहेरी आली. जाईबाईने तिला कसं जपलं म्हणून सांगू! सकाळी नाचणीची गरम भाकरी, दुपारी अंडी, संध्याकाळी डिंकाचा लाडू, आणि जेवणानंतर सक्तीची झोप. "पोटातल्याला बी इसावा लागतो गं," असं म्हणत ती लेकीच्या अंगावर वाकळ टाकायची. प्रशिक जन्मला तो चांगला गुटगुटीत. जाईबाईने मला धुऊन पुसलं, "माजी सहान लई गुनाची," म्हणाली आणि बाळंतविड्यात कुंच्या-दुपट्यांबरोबर मलाही छायाच्या सासरी धाडलं. मी हरखून गेले होते.

दुसऱ्या खेपेला छाया सासरीच राहिली. दिवस लावणीचे होते. आठवा महिना लागला तरी ती चिखलात वाकून रोपं लावत होती. सकाळी कोरा चहा, दुपारी शिळी भाकरी, रात्री सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्याच्या बुडाला जे उरेल ते. घरात खायला नव्हतं असं नाही हो. भाताच्या कणग्या भरलेल्या होत्या, कोंबड्या अंडी देत होत्या. पण मंगलबाईचं म्हणणं एकच, "आमी न्हाई का बाळंत झालो? बांधावर झालो." आनंद जन्मला तो सुपात घातला तरी सूप हलकं लागावं असा. रडला तेही इतकं बारीक, की अंगणातल्या कोंबड्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

भोरच्या डॉक्टर अश्लेषाबाई काही वर्षांपासून आसपासच्या गावांतल्या बाळांचा अभ्यास करत होत्या. पहिलं मूल आणि नंतरचं मूल यांच्यात जन्मतःच काय फरक असतो, ते त्या नाळेतल्या रक्तावरून पाहत. छायाच्या दोन्ही मुलांचं रक्त त्यांनी जन्मावेळीच घेतलं होतं. काय आढळलं ते सांगायला त्या घरी आल्या आणि माझ्या शेजारीच चुलीपाशी पाटावर बसल्या.

"मावशी, दोघांचं बियाणं एकाच घरचं," त्या मंगलबाईला म्हणाल्या. "पण आईच्या पोटात असताना त्या बियाण्यावर खुणा उमटतात. आईने काय खाल्लं, किती राबली, कशाची धास्ती घेतली, त्याच्या. या दोघांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत. थोडा फरक पहिला-दुसरा असण्याचाही असेल. आम्हालाही अजून सगळं उमगलेलं नाही."

छायाने आनंदला छातीशी धरलं. "ह्येच्या खुना पुसत्यात का, मॅडम?"

"काही पुसतात. तुम्ही पोटभर जेवा, याला अंगावर पाजा. सहा महिन्यांनी वरचं सकस खाणं सुरू करा. ते चाटण-गुटी मात्र राहू द्या."

शेवटचं वाक्य मला लागलं, पण बाई मनापासून बोलत होत्या. छायाचा चेहरा किती दिवसांनी उजळला. माझ्या लेकराचं भलं होऊ शकतं, एवढंच तिने ऐकलं होतं.

मंगलबाईने ऐकलं ते निराळंच. ती जन्मभर भाताचं बी राखत आलेली बाई. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं. तळाला बसेल ते पेरायचं, तरंगेल ते पोचट म्हणून कोंबड्यांपुढे टाकायचं. पोचट बियाण्याला कुणी खत घालत नाही. डॉक्टरबाईंची गाडी वळते न वळते तोच ती म्हणाली, "मंजी थोरला पक्का आन् ह्यो पोचट. शिकल्याली बाईच सांगून गेली. आता उगं वाया घालवायचं न्हाई."

"आत्या, त्या तसं न्हाई म्हनल्या," छाया म्हणाली.

"मला कान हायेत."

त्या दिवसापासून सुंठ, बदाम, खारीक उगाळून दुधात कालवायचं ते प्रशिकला. आनंदच्या वाट्याला वेखंड आणि पाणी. अंगणवाडीतून त्याच्यासाठी आलेलं खाणंही थोरल्याच्या वाटीत जायचं. आनंद हे नाव तर कुणी घेईनाच. "पोचट रांगला," "पोचट आजारी पडला," आणि वर हसू.

एका दुपारी सासू शेतावर गेलेली पाहून छायाने माझ्यावर भराभर बदाम उगाळला, आनंदला चाटवला, मला घाईघाईने धुतलं. पण बदामाचं दूध दगडात मुरतं. मी वाळले तसं पांढरं वेटोळं वर आलं. मंगलबाईने ते पाहिलं आणि बदामाची अख्खी पुडी अंगणात उधळली. कोंबड्यांनी बदाम टोचले. रात्री छायाने संजयपुढे गाऱ्हाणं मांडलं. त्याने मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं, "आई म्हनती ते बरूबर हाय. एकाचं तरी नीट हुंदे."

छायाला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा आनंद तीन वर्षांचा होता आणि दोन वर्षांचाही दिसत नव्हता. आणि काय नवल! मंगलबाईने सुनेला शेतावर पाठवणं बंद केलं. अंडी आली, खारीक-खोबरं आलं, लाडू वळले गेले. "डॉक्टरीनबाई म्हनल्या तसंच करायचं. ह्या खेपेला बी पक्कं पायजे." मित्रांनो, म्हातारीला सारं नीट कळलं होतं! फक्त दुसऱ्या नातवाचा हिशेब तिने कधीच मिटवून टाकला होता.

अश्लेषाबाई पुन्हा आल्या. छायाचं भरलेलं अंग आणि समोरचं ताट पाहून त्यांना भरून आलं. "मावशी, तुम्ही माझं ऐकलंत! तुमच्यासारख्या सासवा हव्यात," असं म्हणून त्यांनी मंगलबाईचे हात हातात घेतले. मंगलबाई लाजली.

आनंद दाराआड उभा होता. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तो कोपऱ्यात आला, उकिडवा बसला आणि मला चाटू लागला. प्रशिकसाठी सकाळी उगाळलेल्याचं जे काही माझ्या खोलगटात वाळलं होतं, ते तो जिभेने सोलून काढत होता.

"हा धाकटा ना? कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"मजेत हाय. खातोच कुटं, नुस्ता खेळतो," मंगलबाई म्हणाली.

छायाच्या हातात लाडू होता. तिने आनंदकडे पाहिलं. तोंड उघडलं तर उद्या पोटातल्याच्या तोंडचंही जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान खाली घातली आणि लाडूचा घास गिळला. आनंद मला चाटतच राहिला.

मित्रांनो, घरात एखादं पोर दुसऱ्याच्या ताटाकडे बघत उभं असेल, तर ते कितवं, कसं जन्मलं, पुढे काय होणार, हे मागाहून विचारा. आधी त्याला वाढा.