सातवी पाई

अर्धा तास होऊन गेला तरी ओठांना काही झालं नव्हतं. काकूंनी जीभ टाळ्याला लावून पाहिली, मनगटं उलटीपालटी करून पाहिली, खिडकीच्या काचेत कानाच्या पाळ्या पाहिल्या. कुठे लाली नाही, खाज नाही, घशात बोळा अडकल्यासारखं वाटणं नाही. समोर टेबलावर घड्याळ, घड्याळाशेजारी श्वास कोंडलाच तर टोचायचं इंजेक्शनचं पेन आणि त्याच्या पलीकडे रिकामी ताटली. ताटलीत सातवी पाई होती, ती त्यांनी खाऊन टाकली होती.

ऑर्डर सहाचीच होती. सातवी नेहमी काकूंची असायची.

काकूंना गहू चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट जड होतं, ढेकर येतात, असलं लाडाचं दुखणं नव्हे. चिमूटभर कणीक पोटात गेली, की वीस मिनिटांत ओठ टम्म फुगत, अंगभर गांधी उठत आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागे. त्यामुळे त्यांच्या घरात वीस वर्षं गव्हाचा दाणा शिरला नव्हता, आणि अशा घरात केलेलं खाणं आपल्या मुलांना मिळावं म्हणून लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून त्यांच्याकडे येत. काकू भाज्यांची पाई करत. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही, शेंगदाणे-बदाम काहीसुद्धा नाही. मग राहिलं काय, असं लोक हसून विचारत. "भाजी राहिली," असं काकू सांगत, आणि त्यांना हसू येत नसे.

मात्र करायच्या मन लावून. तांदळाचं पीठ आणि बटाट्याचं सत्त्व मिसळायचं, जवस भिजवून वाटायचं म्हणजे ते अंड्यासारखं चिकट होतं, मग तेल आणि कढत पाणी. हे पीठ मोठं हट्टी. ताणलं की तुटतं, लाटलं की फाटतं. त्याला चुचकारत बोटांनीच साच्यात बसवावं लागतं, आणि वरचं झाकण दोन कागदांमध्ये ठेवून लाटावं लागतं. आत भोपळा, गाजर, मटार, पालक, परतलेला कांदा. भोपळा थोडा ठेचला की सारण आपोआप दाट होतं, सायीची आठवणसुद्धा येत नाही. ओव्हनमधून निघाल्यावर त्या झाकणांचा कुरकुरीत वास जिन्यापर्यंत जाई.

पण लोक वासासाठी येत नव्हते, सातव्या पाईसाठी येत होते. ती प्रथा अशीच पडली होती. पहिल्या वर्षी एका आईने विचारलं होतं, काकू, तुम्ही स्वतः खाता का हो हे? काकूंनी तिच्या डोळ्यांदेखत एक पाई उचलली, खाल्ली आणि अर्धा तास तिच्यासमोर खुर्चीत बसून राहिल्या. ती बाई रडतच घरी गेली. तेव्हापासून दर घाण्याला एक पाई जास्तीची करायची, डबा बाहेर जाण्याआधी काकूंनी खायची, आणि घड्याळ लावून बसायचं. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते चांगलेच तापले. तुम्ही माणूस आहात, वजनकाटा नाही, असं म्हणाले. काकूंनी खाली मान घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली.

खरं सांगायचं तर त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? ज्या दुखण्याला सासरी सगळ्यांनी नखरा म्हटलं, त्याच दुखण्यावर आता लोक डोळे मिटून विश्वास ठेवत होते. लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी सूनबाईंचं सोंग उघडं पाडायला सूपमध्ये गुपचूप कणीक कालवली होती. काकू निळ्या पडल्या तेव्हा कुठे घरात धावपळ झाली. पुढे सासूबाई बारा वर्षं जगल्या, पण चुकले गं, एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. काकूंनी ते कायमचं मनात ठेवलं. आपल्या अंगावर कुणीतरी विश्वास ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर ते मिळालं होतं.

आजच्या सहा पाई मुंगीसाठी होत्या. मुंगी म्हणजे चित्रकलेच्या बाईंची सहा वर्षांची मुलगी. तिला गहू तर चालत नव्हताच, अंडी आणि दाणेही चालत नव्हते. शाळेत ती वेगळ्या बाकावर बसून जेवायची. आज पहिल्यांदाच तिच्या पाच मैत्रिणी घरी जेवायला येणार होत्या, आणि सहाही जणी एकच पदार्थ खाणार होत्या. बाईंनी ऑर्डर देताना हे दोनदा सांगितलं होतं.

नेमकी काल तांदूळ दळायची घरची छोटी चक्की जळाली. धूर निघाला आणि ती गप्पच झाली. काका म्हणाले, गिरणीतून आणतो. काकूंना ते पटेना, कारण त्या गिरणीत दिवसभर गहूच पडतो. पण काका दुखऱ्या गुडघ्याने गेले, गिरणीवाल्याकडून जातं झाडून घेतलं, आधी दोन किलो तांदूळ फुकट दळून टाकून द्यायला लावले आणि मग आपले दळून आणले. गिरणीवाल्याने शपथेवर सांगितलं, एक कणही नाही म्हणून. काकूंनी पिशवीत नाक घालून पाहिलं. सर्दीने नाक चोंदलेलं, वास कसला येतोय! ऑर्डर नाकारावी असं एकदा मनात आलं. मग त्यांनी विचार केला, आपण आहोत ना. असेल काही तर सातवी पाई सांगेलच.

आणि सातवी पाई काही बोलली नव्हती. काकूंनी आणखी दहा मिनिटं काढली, शंकेला जागा राहायला नको म्हणून. मग डबा बांधला. अकराच्या सुमारास मुंगीची आई आली, दारातच तिने विचारलं, "खाल्लीत ना, काकू?"

"खाल्ली. चाळीस मिनिटं झाली. निर्धास्त ने."

ती डबा छातीशी धरून जिना उतरली. काकूंनी ओटा पुसला, साचे भिजत घातले, स्वेटर चढवला आणि चहा टाकला. तासाभराने काका वाचनालयातून आले. जोडे काढता काढता त्यांनी विचारलं, सर्दीला उतार पडला ना? काकू म्हणाल्या, नाक वाहायचं थांबलंय खरं.

"थांबणारच. रात्री तुझ्या डब्यातली गोळी दिली ना."

काकूंनी कप खाली ठेवला. "कुठल्या डब्यातली?"

"तुझ्याच. ती छोटी गुलाबी. औषधवाला म्हणाला होता मागे, सर्दीलाही हीच चालते. एक रात्री दिली, एक सकाळी चहाबरोबर. का गं?"

काकांची चूक म्हणाल तर काही नव्हती. रात्री त्यांनी पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली होती, सकाळीही तसंच, आणि काकूंनी तीस वर्षांच्या सवयीने न बघता गिळली होती. पण ती गुलाबी गोळी गांधी उठू नयेत म्हणूनच होती. गहू पोटात गेल्याचं अंग ज्या खुणांनी सांगतं, त्या खुणाच ती गोळी दाबून टाकते. म्हणजे मघाशी घड्याळासमोर चाळीस मिनिटं बसलेलं अंग गप्प होतं ते गहू नव्हता म्हणून, की त्याचं तोंड बांधलेलं होतं म्हणून? ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

काकूंनी फोन लावला. मुंगीच्या आईने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडेबारा होत आले होते. काकू उठल्या, पेन पिशवीत टाकलं, काकांना म्हणाल्या, तुम्ही फोन लावत राहा, उचलला की सांगा, कुणी काही खाऊ नका. काका म्हणाले, थांब, रिक्षा बघतो. पण त्यांच्या गुडघ्याने रिक्षा केव्हा मिळणार? काकू तोवर जिना उतरलेल्याही होत्या.

मुंगीचं घर चढावरच्या वस्तीत, चालत पंधरा मिनिटांवर. काकू पळत निघाल्या. बावन्न वर्षांची, जाडसर, स्वेटर घातलेली बाई भर दुपारी पळताना पाहून भाजीच्या दुकानातला माणूस बाहेर आला. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती त्यांना चढाच्या पायथ्याशी आठवली. खाण्याबद्दल जराही शंका असेल, तर त्या दिवशी पळायचं नाही, चढायचं नाही. गोळीने दडपलेलंसुद्धा धावपळीने उसळून वर येतं. काकू क्षणभर थांबल्या. मग त्यांना वाटलं, येऊ दे वर. आलं तर निदान कळेल तरी. आणि त्या आधीपेक्षा जोरात निघाल्या.

चढ संपला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. ते दमल्यामुळे होतं. पुढे तीन मजल्यांचा जिना होता. पहिल्या मजल्यावर कान गरम झाले, तेही दमल्यामुळे असेल. दुसऱ्या मजल्यावर मात्र तळहातांना खाज सुटली. काकूंनी कठड्याला धरून हात उताणे करून पाहिले. लालबुंद. त्या हातांना त्या ओळखत होत्या. त्यांना भीती वाटली, आणि भीतीच्या आधी, सांगायला नको पण खरं आहे, थोडं बरं वाटलं. अंग अखेर बोललं होतं.

पिशवीतलं पेन तिथेच, जिन्यात टोचून घ्यायला हवं होतं. पण एकदा खाली बसलं की उठता येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि वर अजून एक मजला होता.

मुंगीच्या आईने दार उघडलं. आतून कागदी फुलं चिकटवलेली भिंत दिसली, सहा ताटल्या मांडलेलं टेबल दिसलं आणि टेबलाशी मुंगी दिसली. मैत्रिणी यायच्या होत्या, पण मुंगीला धीर नव्हता. आईने नुकत्याच गरम केलेल्या पाईचा तुकडा काट्यावर घेऊन ती त्यावर फुंकर मारत होती.

काकूंनी तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. जीभ तोंडात मावेनाशी झाली होती. आईने एकदा काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ, डोळे, मानेवर चढलेल्या गांधी. विचारायला काही उरलंच नव्हतं. ती वळली आणि तिने मुलीच्या हातातला काटा इतक्या जोरात उडवला की तो भिंतीवर जाऊन आपटला. मुंगी भेदरून रडायला लागली.

"गिळलंस? मुंगे, सांग, गिळलंस का?"

"नाही. गरम होतं."

काकूंना ते ऐकू आलं. तेवढं ऐकून त्या दारातच भिंतीला टेकून खाली बसल्या. बोटं सुजली होती, पिशवीची चेन उघडेना. आईने पिशवी ओढून घेतली, पेन काढलं, टोपण उडवलं. तिचा हात सरावलेला होता. रडणं थांबवून मुंगी जवळ आली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, मांडीत. कपड्यावरून चालतं." मग ती काकूंच्या शेजारी जमिनीवर बसली, त्यांचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दहापर्यंत आकडे मोजले. असं करायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिच्यासाठी तसं करत असत म्हणून तिला ठाऊक होतं. आपल्याला काय होतंय हे न सांगता समजणारं माणूस काकूंना उभ्या जन्मात पहिल्यांदाच भेटलं होतं.

आईने दवाखान्याची गाडी बोलावली. मग तिने टेबलावरच्या सहाच्या सहा पाई कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, ताटल्यांसकट, आणि पिशवीचं तोंड दोनदा बांधलं. शेवटी काकूंच्या समोर येऊन उकिडवी बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"काकू, तुम्ही खाल्ली होती ना?"

काकूंनी मान हलवली. हो, खाल्ली होती. त्यात काही खोटं नव्हतं. गोळीचं सांगायचं होतं, गिरणीचं सांगायचं होतं, पण घसा आत्ताशी कुठे सैल होत होता, आणि सांगून तरी काय बदललं असतं? ती पुन्हा कधी दारात उभी राहून हा प्रश्न विचारणार नव्हती, हे दोघींनाही कळलं होतं.

खालून मुलींचे आवाज आले, पाच जणी जिना चढत होत्या. मुंगीने तिकडे पाहिलं, पण हात सोडला नाही. तिची मऊ बोटं काकूंच्या बोटांत अडकलेली होती. काकूंनी खाली पाहिलं. याच हातांनी त्यांनी सकाळी ते पीठ मळलं होतं, साच्यांत बसवलं होतं. नखांच्या कडेला अजून पांढरं होतं.

त्यांनी हळूच आपला हात सोडवून घेतला.

"जा बाळ," त्यांचा आवाज घोगरा निघाला, "हात धू. साबण लावून. मनगटापर्यंत."

मुंगीला ते वावगं वाटलं नाही. ती उठली आणि न्हाणीघरात गेली. नळाचं पाणी सुरू झालं. काकू ते ऐकत राहिल्या, पुरेसा वेळ धुतेय ना ती, म्हणून. आणि दारातून येणाऱ्या मुलींपैकी कुणी चुकून शिवू नये, म्हणून त्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले.