दोन रिव्हेटची मूठ

जुनी सुरी हातात आली की आधी घासायची नाही. आमच्या छंदातला हा पहिला नियम, आणि तो मी इतक्यांना इतक्या वेळा सुनावलाय की माझ्याकडे सुरी दाखवायला येणारे दारातूनच सांगतात, "पाणीसुद्धा लावलं नाही हं, काका." गंज, डाग, काळेपणा, त्यावरूनच तर सुरीचं वय कळतं. ते घासून टाकणाऱ्या माणसाला मी सरळ गाढव म्हणतो. तेरा वर्षांपूर्वी ते गाढव मी होतो, आणि लाथ बसली ती वहिनींना.

मी काही हौसेने या नादाला लागलो नाही. माझा दादा स्वयंपाकाच्या सुऱ्यांच्या कारखान्यात धार लावायचा. त्याच्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच कारखान्याला आग लागली. पाच माणसं बेपत्ता झाली आणि राखेत देह सापडले चार, तेही ओळखू न येणारे. झालं. पाचही घरांनी आशा धरली, आणि त्या चौघांना आपलं म्हणायला कुणी पुढे येईना. शेवटी मालकानेच चौघांना एका जागी मूठमाती दिली.

धार लावणाऱ्यांची एक खोड होती. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला ते शेपूट म्हणायचे, आणि प्रत्येक जण त्या शेपटावर कानशीने आपली खूण करून ठेवायचा. वर मूठ बसली की खूण झाकली जायची, मालकाला पत्ताच नाही. दादाची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला टेकलेले दोन तिरके काप. आग लागल्यावर त्याचं दुसरं काही हाती लागलं नाही, म्हणून मी ती खूण शोधू लागलो. भंगारातून, बाजारातून, लोकांच्या ओट्यावरून त्या कारखान्याच्या सुऱ्या उचलून आणायच्या, मूठ उघडायची आणि आत बघायचं. वहिनी म्हणायच्या, "भावजी, हौसेला मोल नसतं म्हणतात ते ठीक, पण घरात पाय ठेवायला जागा तर ठेवा." तेव्हा त्या अजून हसायच्या.

सुऱ्या गोळा करता करता त्यांचं वय सांगायला शिकलो. या कारखान्याचं पातं कोरं असायचं, वय सांगायची ती मूठ. आगीच्या आधीच्या मुठी काळ्या जड लाकडाच्या, त्यात तीन पितळी रिव्हेट. आगीनंतर वर्षभराने मालकाने दूर दुसऱ्या गावी कारखाना काढला, तिथल्या मुठी हलक्या लाकडाच्या आणि रिव्हेट दोनच, पोलादी. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं.

आगीला नऊ वर्षं झाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याने वहिनींना मागणी घातली. विधुर होता, भला माणूस. वहिनींनी बरेच दिवस घेतले आणि हो म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. पुढच्या महिन्यात लग्न ठरलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात मला भंगारवाल्याकडे एक सुरी मिळाली.

मूठ हलकी, रिव्हेट दोन. पात्यावर मात्र निळसर काळे पट्टे होते. कुणीतरी गॅसवर तापवून प्लास्टिक कापलं असेल, असं मी मनाशी म्हणालो आणि पॉलिश पेपरने खसाखसा घासून पातं लख्ख करून टाकलं. का, तर मला काय दुर्बुद्धी सुचली देव जाणे. मग मूठ उघडली. आत एक आडवी रेघ आणि दोन तिरके काप. मी खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

तसाच धावत वहिनींकडे गेलो. "वहिनी, दादा आगीत गेला नाही. ही सुरी आगीनंतरची आहे आणि काम त्याच्या हातचं आहे."

"नक्की?" वहिनींनी विचारलं.

"सुरीचं वय सांगण्यात मी आजवर चुकलेलो नाही."

मीच बडबडत होतो, डोक्याला मार लागला असेल, सगळं विसरला असेल, आज ना उद्या आठवेल आणि येईल. त्या फक्त मान हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याला सांगितलं की नवरा जिवंत असताना मी लग्न कसं करू. शिंपी दोन वर्षं थांबला आणि मग दुकान आवरून निघून गेला. मी त्या दुसऱ्या गावी जाऊन आलो, पण तो कारखाना कधीच बंद पडला होता, दाराला कुलूप. मला वाटलं, निदान वहिनींच्या जिवाला आशा तरी दिली.

गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याचा निरोप आला की जुन्या सुऱ्या आहेत, घेऊन जा. गेलो तर तो मुठ्या निघाला. दोन्ही कारखान्यांत मुठी बसवायचा, म्हणून त्याला सगळे मुठ्याच म्हणायचे. मी मोठ्या तोऱ्यात त्याला दादाच्या सुरीची गोष्ट सांगितली. तो आधी हसला आणि मग हसायचा थांबला.

"अरे, पहिली दोन वर्षं नवी पाती होती कुठे? मालक एक नंबरचा चिक्कू. आगीच्या ढिगातली जुनी पाती निवडून आणली, भट्टीत घालून पुन्हा पाणी दिलं, आणि नव्या मुठी मीच बसवल्या. तुझ्या सुरीवर निळे-काळे पट्टे नव्हते? आगीतून निघालेलं पातं कधी लपत नाही."

"देह चारच होते," मी म्हणालो. "माणसं पाच होती."

"पाचवा तो भट्टीवाला. ठिणगी त्याच्याच हातून पडली, म्हणून पळाला. नव्या कारखान्यात नाव बदलून आला, माझ्या शेजारी सात वर्षं काम केलं त्याने. तुझा दादा त्या चौघांत होता, बाबा. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं. इतकी वर्षं सुऱ्या उघडत बसलो, कारखान्यातल्या एका माणसाला विचारायचं सुचलं नाही.

वहिनींना सांगायला मला चार दिवस लागले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी करून थांबलो. शिंप्याचं नाव काढतील, माझ्यामुळे जन्म फुकट गेला म्हणतील, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"म्हणजे हे त्या दिवशी तिथून बाहेर पडलेच नाहीत?" त्यांनी विचारलं. तेरा वर्षांत त्या दादाबद्दल बोलल्याच तर 'तो' म्हणायच्या, आज 'हे' म्हणाल्या.

"नाही."

"कुठे दुसरं घर नाही, दुसरी बायको नाही?"

"नाही हो वहिनी. हे काय भलतंच तुमच्या मनात?"

"भलतंच कसं? जिवंत होता, हातीपायी धड होता, सुऱ्यांना धार लावत होता, आणि घरी येत नव्हता. मी काय समजायचं? डोक्याला मार लागलेला माणूस बरोबर आपलीच खूण करतो होय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "नऊ वर्षं मी त्यांच्यासाठी रडले, भावजी. पुढची तेरा वर्षं रोज सकाळी उठून शिव्या घातल्या. तुम्ही ती सुरी घेऊन आलात ना, त्याच संध्याकाळी मी त्यांचे सदरे जाळले. चपला जाळल्या. फोटोसुद्धा ठेवला नाही."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कळलं नाही. हातातल्या कपड्याची घडी त्यांनी मोडली, परत घातली, परत मोडली.

मग म्हणाल्या, "मला आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही. तुमच्याकडे एखादा फोटो असेल ना?"

माझ्याकडे त्या कारखान्याच्या तीनशेच्या वर सुऱ्या आहेत, प्रत्येकीला वर्षाची चिठ्ठी लावलेली. दादाचा फोटो एकही नाही. होते नव्हते ते सगळे त्याच्या लग्नानंतर मीच वहिनींकडे नेऊन दिले होते.