ओढ्याकाठची जागा

शेवटचे सात मैल रस्ता कसला, नुसते दगडधोंडे. नोरीनने पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, वेंडेलकडे, पाहिलं. स्वारी खिडकीबाहेर बघत खुशीत होती.

जूनपासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला हा माणूस चक्क 'अहो बाई' म्हणायला लागला होता! सोमवारी मुलगी त्याला वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार होती. त्याआधी त्याने एकदा, फक्त एकदा, 'नोरीन' म्हणून हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. मारली तर इथेच मारेल, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. आयडाहोच्या ह्या सरकारी जंगलात, ह्याच ओढ्याकाठी, दोघांनी छत्तीस सप्टेंबर काढले होते. इथे ना नळ, ना संडास, ना पावती फाडायला कुणी. एक फावडं, एक तंबू, झालं बिऱ्हाड.

वळण घेतलं आणि तिने करकचून ब्रेक दाबला. त्यांच्या जागेवर हिरवा तंबू उभा होता.

ह्या जंगलात जो आधी येईल त्याची जागा. चौदा दिवस त्याला कुणी ऊठ म्हणायचं नाही. नोरीननेच एकदा एका दांडगट शिकाऱ्याला हा नियम असा काही सुनावला होता, की तो गपगुमान गाडीत जाऊन बसला. आता कुठल्या तोंडाने मागायची जागा?

"दुसरीकडे बघू," ती म्हणाली, पण वेंडेल दार उघडून खाली उतरलासुद्धा.

तो थेट दगडांच्या चुलीपाशी गेला. तिशीतली एक पोरगी कॉफी उकळत बसली होती.

"हा काय धूर! ओली लाकडं कुणी घातली?" म्हणत त्याने दोन लाकडं ओढून बाहेर काढली.

पोरगी ताडकन उठली. तिचा हात कमरेच्या, अस्वलं पळवायच्या तिखट फवाऱ्याकडे गेला. "ओ काका! हे माझं बिऱ्हाड आहे!"

"असू द्या, असू द्या. आमच्याकडे आलेल्याला आम्ही हाकलत नाही. बसा."

नोरीन धापा टाकत पोचली. "माफ कर बाई. त्याला आता काही आठवत नाही. दर वर्षी आम्ही इथेच उतरायचो. जागा तुझीच आहे, आम्ही निघतो."

"मी टेस," म्हणत पोरीने फवाऱ्यावरचा हात काढला. वेंडेल तोवर झाडाला टांगलेल्या तिच्या खाण्याच्या पिशवीकडे बघून कपाळ बडवत होता. "एवढ्या खाली? अस्वलाला ताट वाढून ठेवलंय की!" त्याने दोरी सोडली, पलीकडच्या उंच फांदीवर बरोबर टाकली आणि अशी गाठ मारली, की चार महिन्यांत शर्टाची गुंडीही लावता न आलेला हाच का तो माणूस, असं वाटावं.

टेस बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मग काका, राहू का मी तुमच्याकडे?"

"राहा की! चौदा दिवस राहा. कायदाच आहे तसा."

नोरीनला भरून आलं. त्याला फांदी आठवली, गाठ आठवली, आता आपली पाळी, असं मनाशी म्हणत ती त्याच्याजवळ ओंडक्यावर बसली. वेंडेलने वळून तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "आरामात बसा बाई. एकट्याच आलात?"

 खरं सांगायचं तर नोरीनला रागच आला. मेल्याला गाठ आठवते, आणि मी नाही?

"एकटी कशाला येईन? तुझ्याबरोबर आलेय!"

तो ओशाळून हसला. "माझ्याबरोबर माझी बायको आहे. पाण्याला गेलीय. इथे चूल माझी आणि पाणी तिचं, पहिल्यापासून. थांबा ना, तिला भेटूनच जा. जरा तिखट आहे, पण मनाची फार चांगली."

"नाव काय त्यांचं?" टेसने विचारलं.

"नोरीन," तो म्हणाला, जराही न अडखळता.

नाव घेतलं, पण ती हाक नव्हती. नोरीन ओंडक्यावरून उठली. पिकअपमधून पाण्याचा कॅन काढला आणि ओढ्याकडे उतरली. पाणी बर्फासारखं गार होतं. कॅन भरेपर्यंत ती रडली, मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि दोन्ही हातांनी कॅन उचलून चढ चढायला लागली.

"नोरीन!" चुलीपासून वेंडेल ओरडला. धावत खाली आला आणि कॅन तिच्या हातातून घेतला. "किती वेळ गं! ही टेस आलीय आपल्याकडे. आणखी एक बाई होत्या, बिचाऱ्या एकट्याच. तुझी वाट बघून गेल्या वाटतं."

"हो," नोरीन म्हणाली. "भेटल्या मला ओढ्यावर."