मी न पुसलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुने श्वास मोजायचे यंत्र आहे, आणि मोडीत निघायची माझी मुळीच तयारी नाही. पाण्याच्या टाकीत उपडा ठेवलेला पत्र्याचा डबा, फिरणारा कागद आणि शाईची लेखणी, एवढाच माझा संसार. नळीत कुणी फुंकले की डबा वर उचलला जातो आणि लेखणी रेघ काढते. फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या या दवाखान्यात मी तीस वर्षे राबले. "हे यंत्र खोटं बोलत नाही," असे थोरले डॉक्टर पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुशारून जात असे. मग पडद्याचे चिमुकले यंत्र आले आणि माझी रवानगी अडगळीत, बादल्या-झाडूंच्या शेजारी झाली.

गेल्या वर्षी इथे फुप्फुसांतली सूज उतरवणारे नवे औषध तपासायला घेतले. गिरणीवाले काका मोठ्या आशेने आले. चाळीस वर्षे पीठ नाकातोंडात गेलेले. एक जिना चढताना दोनदा बसावे लागे. औषध हवे तर आधी श्वास मोजणे भाग होते. पण फुंकताना त्यांना खोकल्याची उबळ येई, आणि नवे यंत्र सलग सहा सेकंद फुंकल्याशिवाय ऐकतच नसे. "चूक" असे दाखवून ते सगळे पुसून टाकी. आठ वेळा पुसले.

"आता मला फुंकताही येत नाही म्हणतंय," काका म्हणाले. त्यांचे नाव यादीतून गेले. हे कानावर आले तेव्हा मला भयंकर राग आला.

संशोधक ताईंनाही आला. त्यांनी वगळलेली नावे काढून पाहिली, तर सर्वांत जास्त सूज असलेली माणसेच गळली होती. त्यांनी मला ओढत बाहेर आणले, पाणी भरले, शाई घातली आणि काकांना बोलावले. काकांची रेघ आखूड आली, खोकल्याने तीन ठिकाणी तुटली, पण मी ती पुसली नाही. मला पुसता येतच नाही. ताईंनी तीनदा फुंकायला लावले आणि तिन्ही खेपांना ती जवळजवळ तेवढीच भरली, म्हणजे मोजणी भरवशाची होती.

"हे भंगार कशाला आणलंस?" विभागप्रमुखांनी विचारले.

"सर, ज्यांच्यासाठी औषध करतोय, तीच माणसं आपण बाहेर काढलीत," ताई म्हणाल्या.

त्यांनी कागदावरच्या तिन्ही रेघा एकमेकींशी ताडून पाहिल्या. मग सहा सेकंदांचा नियम बदलला आणि वगळलेल्या अकरा जणांना परत बोलावणे गेले.

औषधाने गुण येईल का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. काका दर महिन्याला येतात, खोकतात, फुंकतात. मित्रांनो, माझ्या टाकीतले पाणी तेवढे बदलत जा. पत्र्याला गंज चढला तर खुशाल चढू द्या. पण धापा टाकणाऱ्या माणसाला 'तुझंच चुकलं' म्हणून परत पाठवाल, तर गाठ माझ्याशी आहे.