चकलीत तीळ की ओवा?

दिवाळीच्या फराळाचा आमचा पहिला एकत्र मेल गेला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

एकत्र म्हणजे, ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या माझ्या सासूबाई शालिनीताई आणि माधवगंजच्या शांताताई या दोघींनी आपापला फराळाचा घरगुती धंदा यंदा एक केला होता आणि त्यासाठी मेलचा नवा पत्ता काढला होता. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या पौरोहित्य. शांताताईंचं घराणं फौजेतलं, त्यांच्याकडे रविवारी मटण शिजतं आणि त्याचा वास गल्लीभर जातो. गिऱ्हाईक म्हणजे ग्वाल्हेर सोडून पुणे, बंगळूर, अमेरिका असं पांगलेली मराठी घरं. ऑर्डरी मेलवर येतात. मेलचं काम माझ्याकडे, कारण कितीही संताप आला तरी संगणक न फोडणारी घरात मी एकटीच.

दसरा झाला तरी उत्तरं नाहीत, तेव्हा शांताताईंनी झारा खाली ठेवला.

"शालिनीताई, मी आपलं वेगळंच करते. तुमच्या लोकांना माझं नाव खटकलं, साफ आहे. ते तुमचे जुने गिऱ्हाईक रघुनाथराव तर बाहेरचं पाणी पीत नाहीत, माझ्या हातचं काय खातील?"

सासूबाईंनी पुढे होऊन नुसता गॅस बंद केला. मला त्याचाच राग आला, कारण त्यांनाही तीच शंका होती. दोघी रोज पहाटे फूलबागेत सोबत फिरायला जायच्या, दुसऱ्या दिवशी एकेकट्या गेल्या.

मी इंदूरच्या माझ्या मावसबहिणीला, सुनंदाला फोन लावला. "आमचा मेल वाचलास का गं?"

"कुठला मेल?"

"स्पॅममध्ये बघ."

"अरे, हा तर इथे पडलाय! लॉटरी आणि टकलावरच्या तेलाच्या बीच में!"

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. म्हणजे कुणी रुसलं नव्हतं, कुणाला आमचं निमंत्रण पोचलंच नव्हतं! ज्या कंपनीमार्फत आम्ही मेल पाठवतो, तिच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मैडम, पता नया है, और आपने पहले ही दिन सबको भेज दिया. ऊपर से ढेरों पते बंद पड़े हैं. मशीन तो ठग ही समझेगी ना."

बंद पत्ते कुठून आले ते मला पुरतं ठाऊक होतं. हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून एकदा बोलावलेलं घर वगळायचं नसतं, असं आमच्याकडे आहे. दोघींचे पत्ते एकत्र करताना सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या आणि प्रत्येक नावाला "असू दे, असू दे" म्हणत होत्या. शांताताईंचंही तेच.

मी दोघींना समोर बसवलं. "जुने बंद पत्ते काढायचे."

"पांडुरंगरावांचं नाव मी काढणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पांडुरंगराव वारले. आणि पत्ता त्यांच्या ऑफिसचा आहे, तेही बंद पडलं."

"त्यांची मुलगी आहे ना पुण्याला!"

"मग तिला फोन करून बोलवा. रीत मोडायला नको."

हे मात्र पटलं. पण कंपनीच्या सांगण्यावरून मेलच्या खाली 'पुढे मेल नको असल्यास इथे दाबा' असं लिहायचं म्हटल्यावर शांताताई उसळल्या. "जेवायला बोलवायचं आणि नको असेल तर उठा म्हणायचं? ही कुठली रीत?" तेवढं मी त्यांना न विचारता केलं. पत्ता खरंच आमचा आहे हे सिद्ध करणाऱ्या ओळी कंपनीने सांगितल्या तिथे घातल्या. नेहमी उत्तर देणाऱ्यांना आधी, बाकीच्यांना थोडं थोडं करून, असं ठरवलं. लोकांनी उत्तरं दिली की मशीनचाही विश्वास बसतो म्हणे, म्हणून वर एकच प्रश्न घातला: चकलीत तीळ की ओवा? या एका गोष्टीवरून दोघी धंदा एक झाल्यापासून भांडत होत्या. मराठी माणूस त्यावर गप्प बसणार नाही याची मला खात्री होती.

सकाळी पहिल्या गटाला मेल गेला आणि दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस! तीळवाले, ओवावाले, आणि तिखट कमी घाला म्हणणारे. प्रत्येकाने खाली ऑर्डरही लिहिलेली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शांताताई मात्र दाराशीच उभ्या होत्या.

"रघुनाथरावांचं आलंय," मी म्हणाले.

"रहने दे. नको वाचू."

मी मोठ्याने वाचलं. "पहिला मेल स्पॅममध्ये होता, आज सापडला. चकलीत ओवा. यंदा ती शांताबाईंच्याच हातची पाठवावी. आणखी एक. त्या मटणाचा मसाला विकतात काय? आमच्या सूनबाईस कळू देऊ नये."

शांताताई आत येऊन पाटावर बसल्या. आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा हसल्या. "विकत कशाला, असाच पाठवीन," त्या म्हणाल्या. "पण घरात पकडले जातील ना बिचारे."

जन्मात मटणाच्या भांड्याला हात न लावलेल्या माझ्या सासूबाईंनी झारा उचलून त्यांच्या हातात दिला.

"चकल्यांच्या खाली ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि पुडीवर मेतकूट लिहा."