वर्गात मुलगी बघितली

चारकोपच्या शाळेत आठवीचं प्रॅक्टिकल चालू होतं. रुचिरा टीचर चुनखडीवर ॲसिडचे थेंब टाकून दाखवत होती. तेवढ्यात तिची शुभाआत्या दारात उभी. डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा.

"आत्या, तू इथे? आणि चष्मा कधी लागला?"

"झाला महिना. मोठ्या बाईंनीच सोडलं मला आत. तू शिकव ना, मी बसते मागे."

बसते कसली! पाच मिनिटांत आत्या टेबलापाशी. "बाही वर घे गं, ॲसिड सांडेल. आणि इथे उजेडात ये."

रुचिराने भाबडेपणाने बाही वर सरकवली. तोच चष्म्याच्या दांडीतून एका बाईचा आवाज आला, "कोपर दाखव गो जरा! कोड नाय मां खंय?"

चाळीस माना चष्म्याकडे वळल्या.

"कोण बोलतंय, आत्या?"

आत्या ओशाळली. "नाहूरच्या स्थळाची माणसं गं. सुशांत नि त्याची आई. स्मार्ट चष्मा आहे हा, लाइव्ह बघतायत. तुला पांढरा डाग आहे असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं. साखरपुड्याआधी खात्री नको? तुझ्या बाबांना विचारूनच आले."

बाबांना विचारलं. जिचं कोपर तिला मात्र विचारायचं कुणाला सुचलं नाही. पूर्वी निदान पोह्यांची बशी तरी पुढे असायची. या निर्लज्जांनी चाळीस मुलांचा वर्गही सोडला नाही.

"डाग नाय हा!" चष्म्यातला आवाज खुशीत आला. "पसंत आसा मुलगी!"

दुसऱ्या बाकावरच्या ऋतिकाच्या डाव्या मनगटावर कोडाचा डाग होता. तिने हात हळूच बाकाखाली नेला. रुचिराने ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

ती चष्म्यासमोर उभी राहिली. "सुशांत, ऐकताय ना? डाग असता तर तुम्ही नकार दिला असतात. डाग नाही, तरी नकार आहे. माझा. आणि माझ्या वर्गातली मुलं कुणाला दाखवायची नाहीत. आत्या, काढ तो चष्मा."

"वेडी आहेस का? तिसावं लागलंय तुला! वाट लागेल."

"लागू दे."

आत्या तणतणत निघून गेली.

"ऋतिका, आता तू करून दाखव," रुचिरा म्हणाली. ऋतिका आली. उजव्या हाताने तिने बाटली उचलली. डावा हात स्कर्टच्या खिशात.

"झाकण काढायला दुसरा हात लागेल गं."

हात बाहेर आला नाही.

रुचिराचं लग्न मोडलं, बरंच झालं. पण तेरा वर्षांच्या या पोरीचा हात खिशात गेला, तो तुमच्या-माझ्या घरांत मुली अशाच पारखल्या जातात म्हणून. सून शोधायला निघालेल्या आयांनो, तो बाहेर काढायला तिला कुठल्या तोंडाने सांगणार आहात?